पुखराजचं बेणं आणि फौजी काका

आमचे काका फौजेत वीस वर्षं स्वयंपाकी होते, ते एवढ्यासाठी सांगतो. औंदा लागणीला पंजाबातनं पुखराज बटाट्याचं बेणं आणलं. काकू म्हणाली, “आवं, हे अर्धं पोतं कापून ठिवा, तवर मी रानात जाऊन सऱ्या बघून येते.”

परत येऊन बघते तर काय, सगळे बटाटे सोलून, डोळे कोरून पाण्यात टाकलेले!

“आवं, त्या डोळ्यातनंच तर कोंब फुटतो! आता लावायचं काय, माझं कपाळ?”

“वीस वर्षांत एक डोळा मागं ऱ्हाऊ दिला न्हाई,” काका ताठ मानेनं म्हणाले.

मग काय, आख्ख्या आळीला बटाट्याची भाजी. पहिल्याच घासाला काकांनी तोंड वाकडं केलं.

“लय पाणचट निघाला गं हा पुखराज. फुडच्या टायमाला बेणं त्या ज्योती जातीच्या बटाट्याचंच आणू. सोलायला बी सोपं!”