तोच बेल्ट

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक बहीण-भाऊ भांडत होते.

“तायडे, तूच गाडी पिदडली असशील.”

“दादा, माझ्यावर ढकलू नकोस! टायमिंग बेल्ट तुटला, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळले, सगळे व्हॉल्व्ह वाकले. इंजिन गेलं!”

“बेल्ट काय सांगून तुटतो?”

“नाही ना सांगत, म्हणूनच वेळेवर बदलायचा असतो! पाण्याचा पंप बदलायला गाडी तूच इथे आणलीस. मेकॅनिकने बेल्ट काढून तुझ्या हातात दिला, नवा टाकू का म्हणून विचारलं. तू काय म्हणालास?”

“चांगला दिसत होता गं.”

“‘तोच बसव, ती कुठे लांब जाते,’ असं म्हणालास! आत्ताच सांगितलं त्याने मला. काल भर हायवेवर गाडी बंद पडली. मागचा ट्रक हातभर अंतरावर थांबला. मागच्या सीटवर तुझी भाची झोपली होती, दादा!”

“अगं, पण लागलं नाही ना कुणाला?”

“तोंड वर करून विचारतोस? तुझ्या गाडीचाही पंप तेव्हाच बदललास ना?”

“हो.”

“तिला कोणता बेल्ट बसवलास?”

“चहा सांगू का तुला?”

“दादा, मी काहीतरी विचारतेय.”

“मला लांब जावं लागतं गं.”