राखीव फॉरवर्डचा भाव

चहा घ्या, पण आधी आमच्या गिरीशचं ऐका. इथे सिंगापुरात आम्हा मराठी मंडळींची रविवारची हॉकी असते. शेवटच्या सामन्यांआधी संघ आपसात खेळाडू बदलतात. त्या शनिवारी संध्याकाळी ही अदलाबदल बंद होणार होती.

गिरीश आमच्या क्लेमेंटी संघाचा राखीव फॉरवर्ड, म्हणजे पुढचा कुणी धापा टाकायला लागला की तेवढ्यापुरता आत जाणारा. युनिव्हर्सिटीत संशोधन करतो, भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. बोलायला माणसं भेटतात ती रविवारीच.

त्या दुपारी मी नुसतं म्हणालो, "यिशुनच्या संघवाले तुला मागतायत म्हणे."

पोराचा चेहरा पडला. "काका, तिकडे मी कुणालाच ओळखत नाही हो." लगेच कॅप्टनला फोन. "दादा, मला देऊ नका ना."

कॅप्टनच्या मनातही नव्हतं. पण त्याला वाटलं, मागतायत म्हणजे माल आहे. त्याने यिशुनकडे थेट गोलकीपरच मागितला. यिशुनवाल्यांना वाटलं, एवढा भाव सांगतोय म्हणजे पोरगा छुपा रुस्तम असणार.

हे कळलं तसा मी धावलो. कॅप्टनला गाठून म्हणालो, "अरे, मी गंमत केली होती."

"उशीर झाला, काका. गोलकीपर आला. गिरीश म्हणाला, काका सोबत असतील तरच जातो. म्हणून तुम्हालाही देऊन टाकलं."

आता दर रविवारी आम्ही दोघं एमआरटी मेट्रोने यिशुनला जातो. गिरीश खुशीत विचारतो, "काका, मला नक्की कुणी मागितलं होतं?"

मी म्हणतो, "तुझं सोड. मला कुणीच मागितलं नव्हतं."