आयतं भेटलं का बसून राहनारे

...आता तुमीच सांगा, मायच्या समोर कोनी असं इचारते का? डॉक्टर हर्षा मॅडम, मोठ्या डॉक्टर, पन सीधं, "दुर्गेश, मूल हवंय का?" बाजूले माय बसली! दादाले जाऊन दोन महिने, घरात कढई चढत नाही, अन् मी म्हनू का, हो मॅडम, पोरगं पायजे? म्हटलं, "नाही नाही, सध्या काहीच नाही!" मॅडम म्हने, "नीट ऐका. टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. मूल हवं असेल तर सोबत दुसरं इंजेक्शन..." पुढचं ऐकलं कोनं? पर्ची घेतली अन् सुटलो. आपल्याले घाई ना!

दादा म्हनजे मोहित. इतवारी बाजारात आमी दोघं भाऊ धान्याचे पोते उचलो. म्हनजे तो उचले. मी दोन पोत्यातच धापा टाको, तो म्हने, "बस गा, मी आनतो." त्याले टेम्पोनं उडवलं, अन् मले रिकामी पिशवीबी उचलेना. म्हनून मॅडमकडं गेलो, दोनदा रक्त तपासलं. मॅडम म्हने, हार्मोन आधीपासूनच कमी असेल. असन! दादाच्या आड कोनाले दिसते?

मंग सुई सुरू. काय सांगू तुमाले! छाती रुंद, आवाज जाड, पोतं पाठीवर! नत्थू हमाल म्हने, "काय बे, दादा शिरला का तुह्यात?" मी फुगलो. दुसऱ्या सुईचं कोनाले आठवते? आपल्याले घाई ना!

अन् पाच-सहा महिन्यांनी एका सकाळी माय माह्या बायकोले म्हनते, "गुंजन, सपनात मोहित आला वं. म्हने, माय, जागा ठेवजो. वर्ष उलटलं का तो तुह्याच पोटी येते पाय." दादाचं लहानपनचं झबलंबी काढून ठेवलं तिनं! मी आंघोळीले गेलो, खाली पाह्यलं... अरे देवा! लिंबं होते, बोरं झाले!

पळालो मॅडमकडं. तपासनी केली. बीज शून्य! दादा येऊन राहिला, अन् मी रस्ताच बंद करून बसलो!

मॅडम म्हने, "बाहेरून आयतं मिळतंय, मग तुमचे वृषण कशाला काम करतील?"

तुमाले सांगतो, पयले हासलो, मंग तिथंच रडलो. हे तं मीच ना गा! दादा पोते आने अन् मी बसून राहो! माह्या अंगातलेबी माह्यावरच गेले!

"उठतीन का परत, मॅडम?"

"बहुतेक. हे बंद, दुसरं सुरू. सहा महिने, कधी वर्ष-दीड वर्ष. हमी नाही देत."

दीड वर्ष! अन् आपल्याले घाई!

घरी मायले म्हटलं, "दादाले थोडं थांब म्हना लागते."

माय म्हने, "थांबन तो. तुह्यासाठी थांबतच राह्यला बिचारा."

आता हप्त्यातून दोनदा पोटाले ती दुसरी सुई टोचतो अन् खाली पाहून म्हनतो, "उठा बे, दादा गेला, आता आपलं पोतं आपल्यालेच उचला लागते." ऐकतात थोडे? बसूनच हायेत. पन शिव्या देत नाही मी त्यायले...

मले कुठं देल्ल्या दादानं कधी?