बाटली कुठेच सापडली नाही

नाव: तायस्तो ह्युव्हारिनेन. वय: ६३ वर्षे. धंदा: पूर्वी ओंडक्यांचा ट्रक चालवीत असे, आता निवृत्त. राहणार: तळ्याकाठचा रस्ता, कोइवुनिएमी, फिनलंड.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, जबाब देतो की, माझा मुलगा यार्को, वय ३१, हा माझ्याबरोबर व माझी पत्नी सिर्का हिच्याबरोबर वरील पत्त्यावर राहतो. मागच्या मंगळवारी त्याची गाडी गावच्या लाकडी बसथांब्यात घुसली. थांब्याची चौकशी झाली तेव्हा गुरुवारी त्याने याच ठाण्यात लिहून दिलं की, त्या वेळी तो दारू प्यायलेला होता. ते खोटं आहे. तेवढंच सांगायला मी आलो आहे.

मंगळवारी संध्याकाळी यार्को जेवून गाडी घेऊन बाहेर पडला. थांब्याजवळ त्याला चक्कर आली व गाडी फळ्यांत शिरली. थांब्यावर कोणी नव्हतं. आमचा शेजारी रेयो याने ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली व यार्कोला घरी आणून सोडलं. त्याने पोलिसांना कळवलं नाही, याबद्दल त्याला बोल लावू नये. आमच्याकडे शेजाऱ्याचा पोरगा पिऊन पडला तर त्याला झोपवतात, बोभाटा करत नाहीत. रेयो दारातच मला म्हणाला, "वास येत नाही, पण व्होडकाला वास असतो कुठे? झोपू दे त्याला, तायस्तो."

मलाही ते पटलं. बऱ्याच दिवसांपासून यार्को जेवण झालं की उठून लाकडाच्या खोपीत जायचा. परत यायचा तेव्हा डोळे लाल आणि तोंडात पेपरमिंट. आमच्या भागात माणूस लपून काही करत असेल तर ते दारूच, दुसरं काही कुणाला सुचत नाही. मी ती खोपी धुंडाळली. सरपणाच्या रांगा हलवल्या, छताच्या वाशांवर हात फिरवून पाहिला. बाटली कुठेच सापडली नाही. एक बादली सापडली, घासून लख्ख केलेली. बादलीत काय एवढं, म्हणून मी ती होती तिथे ठेवली.

त्याच्या अंगावरून काही कळलं नाही का, असं मला विचारण्यात आलं. यार्को माझ्यापेक्षा आडवा आहे. लहानपणी तो गुटगुटीत होता, शाळेत त्याला लोण्याचा गोळा म्हणत. लष्करी सेवेतून परत आला तो निम्मा होऊन. तेव्हा गावाने त्याची पाठ थोपटली, मीही थोपटली. पुढे अंग पुन्हा भरलं. दर शनिवारी आम्ही बापलेक सौनाच्या गरम वाफेत उघडेबंब शेजारी बसतो. सौनात माणसाला काही लपवता येत नाही, असं माझे वडील म्हणत आणि मीही तेच मानत आलो. हाडं दिसली असती तर मी विचारलं असतं. शिवाय तो सिर्काचा रस्सा आणि बटाटे दोनदा मागून घ्यायचा. पोरगं जेवतंय म्हणजे बरं आहे, असं आम्ही धरून चाललो.

शनिवारी तो सौनात वरच्या फळीवर बसला होता. तापल्या दगडांवर पाणी टाकायला वाकला आणि तसाच खाली आला. सिर्काला हाक मारून आम्ही दोघांनी त्याला ओढत गवतावर आणलं. दवाखान्यात डॉक्टर लाम्पिनेन बाई म्हणाल्या की, रक्तातले क्षार फार उतरलेत, हृदयाचे ठोके चुकताहेत, आणि दारूमुळे झाल्याचं काही दिसत नाही. आईवडिलांसमोर विचारलेलं चालेल का, हे त्यांनी यार्कोला आधी विचारलं. मग सरळ म्हणाल्या, "खाल्लेलं तुम्ही ओकून टाकता का?" तो हो म्हणाला.

मी म्हणालो, हा तर आरशापुढे उभं राहणाऱ्या बारीक पोरींचा आजार. बाई रागावल्या नाहीत. त्यांच्या हाताखालून दोन मच्छीमार आणि नातवंडं असलेली एक बाईही गेली आहे म्हणाल्या. वजनकाट्याकडे बघून हा आजार कळत नाही आणि कुणी हौसेने तो लावून घेत नाही. आपल्या स्वयंपाकाचं काही चुकलं का, असं सिर्काने विचारलं. रश्शाने कुणाला हा आजार होत नाही, असं बाईंनी तिला सांगितलं. मग त्याने ओकणं थांबवलं की झालं, असं मी म्हणालो. त्यावर यार्को हसला. तसलं हसू मला पुन्हा बघायचं नाही.

पोलिसांना दारू का सांगितलीस, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, दारुड्याच्या खांद्यावर लोक हात तरी ठेवतात. रेयोने ठेवला. याला काय म्हणतील? दारूचंच राहू द्या."

मला ते राहू द्यायचं नाही. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं होईल. अख्खं गाव त्याच्या बाटल्या शोधत बसेल. रेयो त्याला कॉफी पाजून दारू सोडल्याची शाबासकी देईल, आणि माझा मुलगा टेबलावरून उठून खोपीत जाऊन मरेल. मला त्याची भीती वाटते. भीती जबाबात लिहीत नाहीत, असं हवालदार पानानेन म्हणाले. माझं म्हणणं की लिहावी.

बसथांबा मी स्वतः बांधून देईन, फळ्या माझ्याकडे आहेत. यार्कोचा परवाना काढून घ्यायचा तर घ्यावा. चक्कर येणाऱ्याने गाडी हाकू नये, हे ट्रकवाल्याला शिकवायला नको. पण दारूसाठी म्हणून घेऊ नये. हा आजार मला अजून नीट समजलेला नाही, पण तो आजार आहे, एवढं मात्र समजलं आहे.

आज इकडे निघण्यापूर्वी मी यार्कोला कुठे चाललो ते सांगितलं. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मग सौनात तुमच्या शेजारी कसा बसू?"

मी म्हणालो, "बसतोस तसाच. पाणी मी टाकेन, तू वाकू नकोस."

यार्कोचा जबाब मला खोडता येणार नाही, तो त्यानेच येऊन बदलावा लागेल, असं मला समजावून सांगण्यात आलं. त्याला चालता येऊ लागलं की तो येईल. येतो असं तो म्हणालेला नाही, हे मी म्हणतो आहे. तोवर हा कागद त्याच्या कागदावर टाचून ठेवावा. माझा वर, त्याचा खाली.

वरील मजकूर हवालदार पानानेन यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. भीतीचं वाक्य वाचायचं राहिलं होतं, ते मी पुन्हा वाचायला लावलं. सगळं मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: तायस्तो ह्युव्हारिनेन