साइडकारचा हार

दसऱ्याच्या सकाळी जालन्यात जुन्या मोटारसायकलींचं संग्रहालय पाहायला गेलो, तर माझ्यापुढं झेंडूचा हार घेतलेले एक म्हातारबाबा दाराशीच मांडलेल्या एका गाडीजवळ पहारेकऱ्याशी बोलत होते.

"बाबा, गाडीला हात लावायचा न्हाई."

"बावीस वर्सं मीच पुसली ही. आमच्या पिंपळगावच्या डॉक्टरसायबांची हाये. त्यांच्या लेकानं तुम्हाला देऊन टाकली."

"ही साइडकारवाली?"

"हाव. चिखलात बैलगाडी फसायची, पर ही कधी फसली न्हाई. अडलेल्या बाया ह्या बाजूच्या डब्यात बसवून आम्ही भोकरदनला नेल्यात. नुसता आवाज आला तरी बाईच्या घरच्यांना धीर यायचा."

"खरं हाये, पर आता चालू न्हाई होत ती."

"मलाबी आता चालवत न्हाई. तरी आज सुनंनं नवा सदरा घातलाच की मला."

"...द्या हिकडं. मी बांधतो."

"हँडलला, बराबर मधोमध."

"बघा, झालं?"

"आता कशी डॉक्टरसायबांची दिसून राह्यली."

"बाबा, हार कुठून आणला?"

"मोंढ्याच्या बाजारातनं, फाटकाजवळच्या फुलवाल्याकडून. का?"

"अजून अकरा गाड्या उभ्या हायेत ना आत."