फळीची खाच

(मनीषनगर, नागपूर. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. सकाळचे साडेदहा. रुख्माबाई हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून परत हॉलमध्ये येरझाऱ्या घालताहेत. त्यांची सून काजल हातात वही-पेन घेऊन उभी आहे. परवा साखरपुडा असलेली नात मिनल बाल्कनी धुते आहे.)

रुख्माबाई : दोन लिही म्हटलं ना. दोन!

काजल : आई, आज सकाळी चहा पिताना तुम्ही कपाचा कान तोडला. कप फुटला नाही, नुसता कान तुटून हातात आला. दोनमध्ये असं होते का?

रुख्माबाई : कपच हलका होता. तुह्या माहेरचा सेट हाय तो.

काजल : माझ्या माहेरचा नाही, तुम्हीच पसंत केला होता. खरा आकडा सांगा. अकरा वाजता डॉक्टरांचा फोन आहे. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे...

रुख्माबाई : माहीत हाय. पाच हप्ते झाले ऐकून राहिली. आमच्या वक्ती दुखलं तं दुखलं म्हणत. आकडा कायले पाहिजे? मटका हाय का हा?

काजल : सोमवारपासून तुमच्या हट्टापायी दोन-दोन लिहीत आले. आज नाही लिहिणार.

रुख्माबाई : लिही वं! हप्ताभर दोन दिसले तं डॉक्टर म्हणला ना, अर्धा तास बसू शकता म्हणून.

काजल : खरेच दोन असले तर, असं म्हणाले. ऑपरेशनमध्ये त्यांनी ती दबलेली नस मोकळी केली. तिच्यावर तुम्ही परवा दोन तास बसल्या अन् ती भडकली, तर? परत टेबलावर जायचं का?

रुख्माबाई : परवा माह्या नातीचं साक्षगंध हाय. काटोलवाले चाळीस माणसं घेऊन येऊन राहिले. मी काय भिताडाले टेकून उभी राहू, वाढणाऱ्या बाईसारखी? घरातली मोठी मी. पोराच्या मायची ओटी मी भरीन, तिच्यासमोर पाटावर बसून.

काजल : बसायचंच आहे तर दहा मिनिटं त्या उशीवर बसा. फिजिओथेरपीच्या ताईंनी दिली ना, पुढून कापलेली. नसेवर भार येत नाही.

रुख्माबाई : ते संडासाच्या सीटसारखी? पाव्हण्याइसमोर? त्याच्यापेक्षा मी उपाशी मरीन.

काजल : उशीचा अन् उपाशी मरायचा काय संबंध? मग उभ्याने भरा ओटी. पाप लागते का?

रुख्माबाई : पाप नाई लागत. बाया विचारतात. ‘काहून वं रुख्माबाई, बसत काहून नाई?’ मंग काय सांगू?

काजल : कंबरेचं ऑपरेशन झालं. आतापर्यंत हेच सांगत आलात ना सगळ्यांना?

रुख्माबाई : कंबरवाले बसतात. गोपाळराव नाई का, मणक्याचं ऑपरेशन करून पंधराव्या दिवशी सोफ्यावर बसून चिवडा खाऊन राहिला होता. मले पाहाले आला तं म्हणते, ‘माझ्यासारखं सरळ बसा, वहिनी.’ मी म्हटलं, तुम्हीच बसा, आपल्या घरी जाऊन.

काजल : म्हणून ते परत फिरकले नाहीत.

रुख्माबाई : बरं झालं. किती वाजले?

काजल : दहा चाळीस. अन् तुमच्या पोरालाही तुम्ही कंबरच सांगितली. कुशल बिचारा काल कंबरपट्टा घेऊन आला. मलम पण.

रुख्माबाई : पोराले कसं सांगू वं? ‘बापू, तुह्या मायले बसायच्या जागी आतून जळते,’ असं? सहा वर्सं तुलेही नाई सांगतलं. ते तं तू त्या दिवशी बाथरूमचं दार ढकललं म्हणून.

काजल : थंड फरशीवर आडव्या पडल्या होत्या तुम्ही.

रुख्माबाई : पाहिलं तं पाहिलं. वर्णन नोको करू.

काजल : सहा वर्षं, आई. कोणी मूळव्याध म्हटलं, कोणी वय झालं म्हटलं, एकाने तर झोपेच्या गोळ्या दिल्या. ज्या एका डॉक्टरने नीट ऐकून घेतलं, त्यालाच आता खोटं सांगायचं?

रुख्माबाई : मंग काय सांगू त्याले? पाच हप्ते झाले, जळनं तं आहेच! खरा आकडा सांगतला तं म्हणन, म्हातारीले गुण नाई आला. तू कोराडीची शाळा सोडून दीड महिना घरी बसली. सगळं फुकट गेलं म्हणतील.

काजल : कोण म्हणेल?

रुख्माबाई : मी म्हणीन! मले भेव लागून राहिलं, काजल. आता जलमभर असंच का? झोपलं तं उठावं वाटते, उठलं तं चालावं वाटते, चाललं तं पडावं वाटते. चाळीस वर्सं हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडे विणत बसली मी. बसूनच दोन पोरं शिकवली. आता जेवतेही उभ्यानं, ओट्यापाशी, घोड्यासारखी.

काजल : नसेला वेळ लागते, सांगितलं ना त्यांनी. सहा महिने, कधी वर्ष. ती असं लवकर विसरत नाही.

रुख्माबाई : माह्यावरच गेली म्हंजे.

मिनल : आई! आजी! बाल्कनी धुतली मी. तुळशीच्या कुंडीखालची ही फळी पार सडली यार. फेकू का?

रुख्माबाई : हात नोको लावू! मागाची फळी हाय ते. बसायची. तांडापेठेतलं घर सोडलं तवा माग विकला, फळी नाई विकली.

मिनल : अगं, पण हिच्यातला तुकडाच निघून पडला पाण्यानं. हा बघ. कोणीतरी ठोकून बसवला होता वाटते. आणि एक मिनिट... आई, आजीची उशी कुठंय?

काजल : कपाटामागे. लपवून ठेवली आहे त्यांनी.

मिनल : थांब, आणते... हे बघा! सेम टू सेम! उशी पुढून कापलेली, फळी पण पुढून कापलेली. वर ठेवली तर खाचीवर खाच बसते. आजी, तुम्हा लोकांच्या मागाला अशीच फळी असायची का?

रुख्माबाई : नाई.

मिनल : मग?

रुख्माबाई : साऱ्याइच्या फळ्या सपाट.

काजल : मग ही कोणी कापली, आई?

रुख्माबाई : किती वाजले?

काजल : दहा पन्नास. कोणी कापली?

रुख्माबाई : माह्या सासूनं. कोणाकडून कापून घेतली का सोताच पटाशीनं कोरली, देव जाणे. मी लग्न होऊन आली तवा ते खाच होतीच. मले वाटलं, उंदरानं खाल्ली.

मिनल : उंदीर इतकं गोल खाते?

रुख्माबाई : सतरा वर्साची होती मी. साऱ्याइपेक्षा शहाणी, तुह्यासारखी. एकच माग. सकाळी सासू बसे, दुपारी मी. मह्यं लुगडं त्या खाचीत अडके. म्हटलं, हे का फळी हाय? लहानू सुताराले बलावलं, सागाचा तुकडा ठोकून घेतला, वरून रंधा मारून घेतला. आरशासारखी गुळगुळीत.

काजल : त्यांना न विचारता?

रुख्माबाई : विचारते कायले? मी तं कौतुकाची वाट पाहून राहिली होती.

मिनल : मग? पणजी काय म्हणाली?

रुख्माबाई : फळीवरून हात फिरवला. ‘चांगली झाली वं,’ म्हणली. अन् बसली.

काजल : बसल्या?

रुख्माबाई : बसली. दहा धोटे मारले की उठे. पाणी प्याले उठे, दारात कोणी आलं का पाहाले उठे. एका मांडीवर कलून बसे. मंग लुगड्याचा काठ वाकडा येऊ लागला तिचा. जिचा काठ पाहाले इतवारीचे व्यापारी येत, तिचा! मी आळीतल्या बायाइले सांगो, आमच्या सासूले मागावर काटे टोचतात. हळदीकुंकवाले सांगतलं, तिच्यासमोर. साऱ्या बाया हसल्या.

मिनल : आजी!

रुख्माबाई : तेही हसली.

काजल : आई, एका जागी उभ्या राहू नका. चाला थोडं.

रुख्माबाई : वर्साभरात तिनं माग सोडला. दुपारभर कुशीवर पडून राहे, भिताडाकडे तोंड करून. आळशी बाई, म्हटलं मी. पोराइले म्हटलं, पाव्हण्याइले म्हटलं. तिच्या तेरवीले आलेल्याइलेही सांगतलं, की हे घर मीच ओढलं, ते तं नुसती पडून होती.

मिनल : तुला तेव्हा काय माहीत होतं?

रुख्माबाई : माहीत नोतं तं विचाराचं होतं. जीभ होती ना तोंडात. तेच तं लय होती.

मिनल : रडू नको ना आजी.

रुख्माबाई : रडून नाई राहिली. जळून राहिलं.

काजल : किती?

रुख्माबाई : आठ.

काजल : आठ?

रुख्माबाई : बहिरी हाय का? आठ लिही. सकाळी कप धरला तवा नऊ. अन् मागचे ते दोन-दोन खोड सारे. सोमवार सात. मंगळवार आठ. काल सात.

काजल : बुधवार राहिला.

रुख्माबाई : बुधवारी चार.

काजल : चार कशाला सांगता आता? खरं सांगा म्हटलं ना.

रुख्माबाई : खरंच चार होतं वं! सकाळी मोगऱ्याले पाणी घालून राहिली होती. ध्यानातच नोतं, की दुखते म्हणून. दुपारपर्यंत ध्यानात नोतं.

काजल : अन् हे तुम्ही सांगितलं नाही? आई, सहा वर्षांत कधी चार झालं होतं का?

रुख्माबाई : नाई.

काजल : मग! डॉक्टरांना हेच तर पाहिजे. सगळीकडे दोन लिहिलं तर त्यांना हा चार कसा दिसेल?

रुख्माबाई : दिसन का त्यात काही?

काजल : ते पाहून सांगतील. लिहू?

रुख्माबाई : लिही. गोल करून लिही.

मिनल : मग परवा काय करायचं, आजी?

रुख्माबाई : परवा उभ्यानं भरीन ओटी. तुह्या सासूले, त्या प्रेमिलाबाईलेही उभी करीन. काटोलहून बसून-बसूनच येऊन राहिली ते.

मिनल : प्रेमिलाकाकू विचारतील, काय झालं म्हणून.

रुख्माबाई : विचारू दे. विचारलं तं समजीन, घर चांगलं हाय.

काजल : फोन आला. डॉक्टरांचाच आहे.

रुख्माबाई : थांब, उचलू नोको. वहीच्या वर काय लिहिलं हाय?

काजल : ‘कंबर.’ कोणाच्या हाती पडली तर म्हणून तुम्हीच लिहायला लावलं.

रुख्माबाई : खोड.

काजल : मग काय लिहू? त्या नसेचं इंग्रजी नाव...

रुख्माबाई : इंग्रजी नोको. जिथं दुखते तिथलं लिही, मराठीत, मोठ्या अक्षरात. अन् कुशल आला की त्याच्या हाती देजो. आता उचल फोन.

मिनल : आजी, आणि हे? फेकू ना?

रुख्माबाई : फळी पुसून आत ठेव. तुकडा फेक.