जोर लावायचा नाही

सासू : म्हणजे एवढ्याशासाठी तू शाळेची नोकरी सोडणार?

सून : एवढंसं नाही ते, आई. शिट्टी फुंकली तरी कपडे ओले होतात. खेळाच्या बाईंनी धावायचं नाही, ओरडायचं नाही, मग मैदानावर काय झाडं मोजायची?

सासू : बाळंतपणानंतर व्हायचंच ते. शिंक आली की पाय जुळवून उभं राहायचं.

सून : व्यायामाच्या डॉक्टर म्हणाल्या, नेमाने केलंत तर बरं होतं. करतेय की. उलट वाढलंय.

सासू : कर बघू माझ्यासमोर.

सून : तुमच्यासमोर?

सासू : बाळ होताना तुझ्या उशाशी मीच होते ना? आता कसली लाज. पड अशी.

(सून आडवी होते. सासू तिच्या पोटावर हात ठेवते.)

सासू : अगं, श्वास कोंडून खाली काय ढकलतेस? लालबुंद झालीस. नेमकं काय सांगितलंय त्यांनी?

सून : लघवी अडवतो तसं आवळा, आत वर ओढा, मग सोडा.

सासू : वर ना? मग?

सून : काय करू, तिथलं काही करायला गेलं की तुमचाच आवाज कानात येतो. ‘जोर लाव पोरी, जोर लाव.’

सासू : घ्या. खापर शेवटी माझ्याच डोक्यावर. बरं, ते विसर आता. जोर अजिबात नको. पापणी मिटतेस ना, तितकं हलकं. हं, उचल.

सून : ...अगंबाई. हे वेगळंच आहे.

सासू : आता सोड. श्वास घे. पुन्हा उचल.

सून : आई, तुम्हीपण करताय.

सासू : छे गं.

सून : करताय. लांबच्या प्रवासाला तुम्ही नको म्हणता, ते गुडघ्यांमुळे नाहीच ना?

सासू : ...गुडघ्यांनी बिचाऱ्यांनी फुकट बोल खाल्ले.

सून : कधीपासून?

सासू : तुझा नवरा झाला तेव्हापासून.

सून : इतकी वर्षं? आणि कुणाला बोलला नाहीत?

सासू : आईला बोलले होते. ती म्हणाली, मलाही होतं.

सून : उद्या तुम्हीही चला माझ्याबरोबर. डॉक्टरांना दाखवू. नोकरीचं मी नंतर बघते.

सासू : या वयात काय दाखवायचं? शिवाय बाळाला कोण सांभाळणार?

सून : त्याचा बाप. दोघींच्या दुखण्याचं मूळ तोच तर आहे.